जामीनदार

फर्लोच्या कागदांमध्ये बंधपत्राचा एक नमुना असतो. कैद्याला रजेच्या काळात घरी ठेवून घ्यायला तयार असलेल्या नातेवाइकानं तो भरायचा. नाव, वय, धंदा, राहणार, आणि त्याखाली 'कैद्याशी नाते'. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांचे दाखले लिहिले. जन्मतारखेत खाडाखोड होऊ दिली नाही कधी. पण त्या रकान्याशी पेन अडलं. हवालदार म्हणाला, "गुरुजी, वडील लिवा की." मी लिहिलं. अक्षर माझंच होतं, पण चौथीतल्या पोरानं काढल्यासारखं.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. द्राक्षपट्टा. थोरले बंधू, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आणि मी. वाटण्या आधीच झालेल्या, घराला मधे एक भिंत घातलेली, पण विहीर सामाईक. सातबाऱ्यावर तसंच लिहिलंय. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. ज्यांनी शेती केलेली नाही त्यांना 'पाण्याची पाळी' हा शब्द साधा वाटेल. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. फळछाटणी झालेली, काड्यांना पेस्ट लावून झालेली, आणि नेमकी रात्रीची लाइट आली, की माणसं माणसांत राहत नाहीत. पाळीवरून शिव्या देणारे सख्खे भाऊ मी चिक्कार बघितलेत. चहाला परत एकत्र बसणारेही तेच.

ऑक्टोबर 2016. पाळी त्यांची होती. हे मी कोर्टात सांगितलं, इथंही सांगतो. माझ्या पोरानं रात्री जाऊन व्हॉल्व्ह आमच्याकडं फिरवला. अण्णांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, पाणी का येईना म्हणून बॅटरी घेऊन आला. शब्दाला शब्द लागला, ढकलाढकली झाली. माझ्या पोराच्या हातात पाइप पान्हा होता. पुतण्या सत्तावीसचा, माझा तेविसाचा. पुतण्याचं लेकरू तेव्हा आठ महिन्यांचं.

पोरगा घरी आला तो कमरेपर्यंत भिजलेला. दारातच म्हणाला, "आप्पा, मी त्याला मारलं. चला लवकर, अजून हलतोय."

ही दोन वाक्यं लक्षात ठेवा. पुढं लागतील.

शेजारच्याची पिकअप काढली. पुतण्याचं डोकं माझ्या मांडीवर. सांगलीच्या सिव्हिलला पोचेपर्यंत तो गेला होता. माझा बनियन नंतर मुद्देमालात जमा झाला, पंचनाम्यात त्याला आडनावासकट नोंद आहे. डॉक्टरांच्या अहवालात डोक्यावर दोन घाव आले. एक असता तर मी काहीतरी समजूत घातली असती मनाची. दोन होते.

पहाटे परत आलो तर पोरगा गोठ्यात बसलेला. त्याच्या आईनं त्याला पळून जा म्हटलं नव्हतं, पण फडक्यात भाकरी बांधून ठेवली होती. ती कशासाठी हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. मी गाडीला किक मारली, तो मागं बसला, आणि नऊ किलोमीटर आम्ही पोलीस ठाण्यापर्यंत गेलो. वाटेत तो एकदाच बोलला, "सावकाश, आप्पा, खड्डा हाय."

आता एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्यांना कळत नाही. भाऊकीत खून झाला की सुतक मारणाऱ्याच्या घरालाही असतं. पुतण्या आमचाच. आम्ही दहा दिवस सुतक धरलं. सोयरे कडू घास घेऊन आले ते भिंतीपलीकडं थांबले, आमच्याकडं कुणी टोपली आणली नाही, आणि ते बरोबरच होतं. रक्षाविसर्जनाला मी गेलो. लांब, बाभळीखाली उभा राहिलो. अण्णांनी एकदा बघितलं. हाकलून दिलं नाही, जवळ बोलावलंही नाही. तेराव्यानंतर वहिनी भिंतीशी येऊन एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी शाळंत पोरास्नी काय शिकीवलं वो?" दोन्ही पोरं माझ्याच वर्गात शिकलेली, चार वर्षांच्या अंतरानं.

त्या दिवसापासून मी रात्रीची पाळी घेतली नाही. व्हॉल्व्ह त्यांच्याकडंच ठेवला. दिवसाचं जेवढं मिळेल तेवढ्यावर बाग दोन हंगाम ओढली, मग 2019 मध्ये मुळासकट काढून टाकली. कुणी त्याला प्रायश्चित्त म्हणालं, कुणी येडेपणा. मला नुसतं रात्री विहिरीवर जाववत नव्हतं.

खटला 2018 साली उभा राहिला. फिर्याद अण्णांची. आणि मी सरकारी साक्षीदार. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे तुम्ही वाचलं असेल. पण आरोपी घरच्या माणसापुढं जे बोलतो ते चालतं, त्याला न्यायालयबाह्य कबुली म्हणतात. मला हेही तेव्हाच समजलं, की नवरा-बायकोत झालेलं बोलणं कायद्यानं झाकलेलं आहे. बाप-लेकातलं झाकलेलं नाही.

आमचे वकील, म्हणजे माझ्याच पैशानं लावलेले, साक्षीच्या आदल्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, फितूर व्हा. 'मला काय म्हणाला आठवत नाही' एवढंच बोला. बाप आहात, जज्जसुद्धा समजून घेतील." पाव्हण्यारावळ्यांचंही तेच. भाऊकीतला एक म्हातारा तर म्हणाला, "गेलेला तर गेला, ऱ्हायलेला कशाला घालवताय?" ह्या वाक्याला उत्तर नाही. मी आजही शोधतो.

मी फितूर झालो नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपी घरी आल्यावर तुम्हाला काय म्हणाला?" मी म्हणालो, "आप्पा, मी त्याला मारलं, असं म्हणाला." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, मी पुढचं उत्तर दिलं. उलटतपासात आमचे वकील सगळंच खोडायला निघाले होते, असं काही बोलणंच झालं नाही असा त्यांचा रोख. त्यामुळं पुढं तो काय म्हणाला हे त्यांनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, ही मास्तराची सवय म्हणा. पण ती सगळी सवय नव्हती. त्या दिवशी मला तो आत जायला हवा होता.

पिंजऱ्यातून तो माझ्याकडं बघत होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं.

निकाल 2019 मध्ये लागला. अचानक झालेलं भांडण, आधी ठरवून केलेलं नाही, म्हणून खुनाचं 302 न लागता सदोष मनुष्यवधाचं 304 भाग 1. दहा वर्षं सक्तमजुरी आणि दंड. सांगलीच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस त्यातून वजा. मग पक्का कैदी होऊन तो कोल्हापूरला, कळंब्याला गेला.

त्याची आई मुलाखतीला जायची. तासगाव ते सांगली, सांगली ते कोल्हापूर, सीबीएस स्टँडवरून केएमटीची शहरबस. आधारकार्ड, नातेवाइकांच्या यादीत नाव, समोरच्या टपरीवर मोबाइल ठेवायला द्यायचा, टोकन, मग रांग. काचेपलीकडं पोरगा, हातात रिसीव्हर, थोडी मिनिटं. पहिल्यांदा ती शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेली नि परत घेऊन आली. बाहेरचं खाणं आत जात नाही. मग आतल्या कँटीनसाठी मनीऑर्डर करायला शिकली. पोस्टातली पोरं तिला ओळखायला लागली. मनीऑर्डरवर पाठवणाऱ्याचं नाव ती माझं घालायची. मला हे वर्षभरानं कळलं, पावती सापडली तेव्हा. मी काही बोललो नाही. पेन्शन माझी, नाव माझं, आणि पैसे पाठवणारा मी नव्हे. असा हिशोब मी कुठल्याच वहीत बघितला नव्हता.

मी जात नव्हतो. लोकांना वाटायचं, गुरुजींना पोराचा राग आहे. होताच. दुसऱ्या घावाचा होता. पहिला रागाचा समजू, पण माणूस खाली पडल्यावर दुसरा कशासाठी? पण न जाण्याचं खरं कारण ते नव्हतं. काचेपलीकडून तो काय विचारेल ह्याची मला धास्ती होती.

मुलीचं सांगायचं राहिलं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं त्या वर्षी. पुढं झालं, चांगलं झालं, ती आता पुण्याकडं असते. तिनं भावाचं नाव टाकलंय. राखी पाठवत नाही, विचारत नाही, तिच्या सासरी ती एकुलती एक आहे. आईनं एकदा तिच्यापुढं पदर पसरला तर म्हणाली, "दादाला मी भाऊ मानलं होतं, आणि तो पण दादाच होता." पुतण्यालाही ती दादाच म्हणायची. त्यानंतर मी हिला सांगितलं, पोरीला परत म्हणायचं नाही. माफी ही काय सोसायटीची वसुली नाही, प्रत्येक घरातून एकजण धाडायला.

मार्च 2020 मध्ये मुलाखती बंद झाल्या. टीव्हीवर तुरुंगांतल्या गर्दीच्या बातम्या. कोरोनामुळं कैद्यांना तातडीचा पॅरोल द्यायला सुरुवात झाली होती, मे महिन्यात त्यासाठी नियमांत दुरुस्ती आली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्यांना सोपं होतं. सातच्या वर शिक्षा असलेल्यानं आधीच्या दोन रजांवरून वेळेत परत आलेलं असलं पाहिजे, अशी अट. आमचा तर एकदाही रजेवर आलेला नाही, मग वेळेत परत येणार कुठून? हिनं मला ती अट तीनदा वाचायला लावली. मास्तर आहे म्हटल्यावर तिसऱ्यांदा वाचताना अर्थ बदलेल अशी तिला आशा.

मग तुरुंगातून व्हिडिओ कॉल यायला लागले. एक दिवस हिनं फोन भिंतीला टेकवून ठेवला, आणि मी मागं खाटेवर पेपर वाचत बसलेला त्यात दिसत असणार. तिकडून आवाज आला, "आप्पा हायत का घरात?"

चार वर्षं मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. आवाज जाड झाला होता.

"हाय," मी म्हणालो.

"मास्क लावता न्हवं?"

"लावतो."

एवढंच. पण त्या रात्री मी बंद पडलेलं घड्याळ काढून दुरुस्त करत बसलो, ते काही दुरुस्त झालं नाही.

मुलाखती पुन्हा सुरू झाल्यावर मी गेलो. सोबत नको म्हणालो, एकटा गेलो. टपरीवाल्यानं मोबाइल घेतला नि विचारलं, "पयल्यांदाच?" माझ्या हातातली कागदांची फाइल बघून असेल, नवी माणसं फाइल घेऊन येतात. रांगेत पुढं एक बाई होती, तिच्या कडेवर पोर, पोराच्या पायात चुईचुई वाजणारे बूट. पोर खाली उतरू बघायचं, ती उतरू द्यायची नाही. पाऊण तास ते बूट मी ऐकले.

काचेपलीकडं तो आला. केस पुढून विरळ झालेले, माझ्या वडिलांसारखे. रिसीव्हर उचलला. प्रकृती, आई, म्हैस, पाऊस. मग गप्प. मग म्हणाला, "आप्पा, एक इचारू? कोर्टात तुमी आर्दंच का सांगितलं?"

मला प्रश्न कळला होता, तरी मी विचारलं, "कुठलं?"

"मी म्हटलेलं, चला लवकर, अजून हलतोय. ते सांगितलं न्हाई तुमी." आवाज चढवला नाही त्यानं. "शिक्षा कमी झाली असती म्हणून न्हाई इचारत. ते कुठंच लिवलेलं न्हाई, आप्पा. निकालात न्हाई, कुठं न्हाई. मी तुमाला बोलवायला आलतो, हे फकस्त तुमाला नि मला ठावं हाय."

पाच वर्षं मी ह्याला माफ करायचं की नाही ह्याचा विचार करत होतो. पारावर, देवळात, बागेत. सप्ताहातलं कीर्तन ऐकताना सुद्धा. आणि हा तिकडं माझ्याबद्दल तोच विचार करत बसला होता. मी खरं बोललो म्हणून गावात माझी मान ताठ. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, 'पित्याची साक्ष महत्त्वाची ठरली'. आणि त्या खऱ्याला एक वाक्य कमी होतं, ते मीच गिळलेलं.

मी म्हणालो, "चुकलं माझं." रिसीव्हरमध्ये खरखर होती, म्हणून परत म्हणालो, मोठ्यानं. शेजारच्या काचेवरचा माणूस वळून बघायला लागला.

तो म्हणाला, "व्हय." बरं, असू दे, काही नाही, असलं काही म्हणाला नाही. नुसतं व्हय. मग वेळ संपली.

त्या महिन्यात मी अण्णांकडं गेलो. भिंत घातल्यापासून मधलं दार होतंच, 2016 पासून कडी लागलेली होती. मी पुढच्या दारानं गेलो, पाव्हण्यासारखा. अण्णांना ते वाक्य सांगितलं, 'चला लवकर, अजून हलतोय.' ते सांगून त्यांचं दुःख कमी होणार नव्हतं, आणि कुणाला काही मिळणार नव्हतं. पण ते दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असायला हवं होतं. अण्णा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग विचारलं, "हलत होता म्हंजी, बोललाबिलला काय?" मी म्हणालो, "नाही." गाडीत त्यानं एकदा माझा हात दाबला होता, ते सांगितलं. ते मी कोर्टात काय, घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनी आत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता.

फर्लो म्हणजे संचित रजा. पॅरोल ती अभिवचन रजा, ती कारणासाठी मिळते, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. फर्लोचे धरतात. 1959 चे नियम आहेत, त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्यात. कैद्यानं आतून अर्ज करायचा, तो पोलिसांकडं चौकशीला येतो. हवालदार गावात येतो, ठेवून घेणाऱ्याचा जबाब घेतो, पोलीसपाटलाला विचारतो. आणि मयताच्या घरच्यांना विचारतो, तुमची हरकत आहे का. पहिला अर्ज ह्याच मुद्द्यावर नामंजूर झाला. हरकत सुनेची होती, पुतण्याच्या बायकोची. तिनं जबाबात लिहून दिलं, माझं मूल ह्याच अंगणात खेळतं. आमच्या हिला फार लागलं. मला वाटलं, पोरगी बरोबर बोलतीय. एकविसाव्या वर्षी विधवा झालेली, माहेरी न जाता सासू-सासऱ्यांना धरून राहिलेली बाई. तिच्याकडं कुणी माफी मागायला जाऊ नये. मी निकालानंतर दीड एकर तिच्या पोराच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायला निघालो होतो, तेव्हाही तिनं कागद परत पाठवला होता. "इकत न्हाई म्हणावं," असा निरोप.

दुसरा अर्ज 2022 मध्ये. हवालदार ह्या वेळी नवा, तरुण. तो पलीकडं गेला, मी इकडं खुर्चीवर बसून ऐकतोय. भिंत नऊ इंची, सगळं ऐकू येतं. सून म्हणाली, "मी सही करणार न्हाई. हरकतबी लिवून देणार न्हाई. काय ते तुमी बघा." मग वहिनींचा आवाज, "येऊ द्या. पर माझ्या दारावरनं जायचं न्हाई, आन् पोराच्या नजरंला पडायचं न्हाई."

माफ केलं, असं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडं कुणी म्हणतही नाही तसं. 'मी तुला माफ केलं' हे मालिकेतलं वाक्य. आमच्या भागात माणूस म्हणतो, येऊ द्या. किंवा गप्प बसतो.

मी बंधपत्रावर सही केली ती त्याच दिवशी.

रजा मंजूर झाल्यावर त्याला आणायला मीच गेलो. दारातून बाहेर आला नि रस्त्याकडं बघत उभा राहिला. गाड्या फार झाल्यात म्हणाला. गावात पोचलो ते मुद्दाम अंधार पडल्यावर, मागल्या पाणंदीनं. पाणंदीत चिखल, तो चपला हातात घेऊन चालला.

रजेत पोलीस ठाण्यात हजेरी असते. मी त्याला घेऊन जायचो, तीच गाडी, तोच रस्ता. खड्डे आता डांबरानं भरलेत. बाकी वेळ तो घरातच. गोठा सारवला, म्हशीला धुतलं, आईचा मिक्सर उघडून नीट केला. दिवसा मागल्या सोप्यात, रात्री अंगणात. बाहेर पडायचा तेव्हा आधी मी जाऊन बघायचो, पलीकडचं पोर कुठं आहे. सहा वर्षांचा झालाय आता, अण्णांसारखाच डावरा.

एका रात्री लाइट रात्रीची होती. मोटार चालू झाल्याचा आवाज आला. आमच्या विहिरीची मोटार लांबूनही कळते, सुरू होताना घसा खाकरते. तो उठून बसला. मी जागाच होतो. खूप दिवस मनात होतं ते विचारलं.

"दुसरा घाव आठवतो का रे तुला?"

मला वाटलं, म्हणेल, नाही आठवत. तसं म्हणाला असता तर मी धरून चाललो असतो. सगळे तसंच म्हणतात, डोळ्यापुढं अंधार आला, कळलंच नाही.

"आठवतो," तो म्हणाला. "दोन्ही आठवत्यात."

मोटार चालू होती तोवर आम्ही बसलो. लाइट गेल्यावर झोपलो.

वहिनी एकदा दिसल्या. मागं गोवऱ्या घ्यायला आल्या होत्या, हा म्हशीपाशी होता. दोघंही जागच्या जागी. त्यानं मान खाली घातली. वहिनींनी पाटी डोक्यावर घेतली, दोन पावलं गेल्या, थांबल्या. "वाळलास," म्हणाल्या, आणि गेल्या. त्या दुपारी तो जेवला नाही. रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

परत न्यायचा दिवस. वेळेच्या आधी पोचायचं म्हणून पहाटेचीच गाडी धरली. कोल्हापुरात स्टँडवर वडा खाल्ला. कळंब्याच्या दारावर रजिस्टर उघडून शिपायानं विचारलं, "जामीनदार कोण?"

"मी."

"नातं?"

ह्या वेळी पोरगाच बोलला, "वडील हायत."

संध्याकाळी घरी पोचलो तर ही दारातच. पहिला प्रश्न, "जेवला का त्यो?"

"वडा खाल्ला स्टँडवर."

"किती?"

"दोन घेतले होते. दीड खाल्ला."

"आर्दा का टाकला?"

ते मी विचारलं नव्हतं.